रिसालीतलं दुसरं सँपल

शुक्रवार

भिलाईला जायचं तर दुर्गला उतरायचं, हे मला तिघांनी बजावून सांगितलं होतं. पण मी पडले कोल्हापूरची. भिलाईला जायचं तर भिलाईलाच उतरणार, दुसऱ्याच्या गावात कशाला उतरू? दुर्ग आलं, अर्धा डबा रिकामा झाला, मी आपली पाय पसरून निवांत बसले. थोड्या वेळाने खिडकीत कारखान्याच्या चिमण्या दिसायला लागल्या, मैलभर लांब शेड, रुळांवर उभी मालगाडी. भिलाई लिहिलेली एक पाटी डोळ्यांसमोरून सुसाट गेली. मग दुसरी गेली. मी पिशवी उचलून दाराशी धावले, तर दारातल्या बाई शांतपणे म्हणाल्या, "ये तो अब रायपुर में रुकेगी, आंटी."

झालं! रायपूरला उतरले, जिना चढले, जिना उतरले, परतीची पॅसेंजर पकडली आणि दोन तास उशिरा भिलाई नगर स्टेशनावर पोचले. प्रज्ञा मेश्राम तोवर दुर्गला थांबून, मला फोन लावून लावून, शेवटी इकडे आली होती. मी चांगली कानउघाडणी ऐकायच्या तयारीत होते. तिने माझ्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाली, "ताई, होतं असं. माझे प्रोफेसरही एकदा रायपूरला गेले होते." एवढ्यावरच मला ती पोरगी आवडली.

आता मी तिथे का गेले ते सांगते. शाळेतल्या मुलांसाठी आम्ही एक लहानसं विज्ञान मासिक काढतो. प्रज्ञा युरोपातल्या एका प्रयोगशाळेत संशोधन करते, आणि तिचा गट ज्या गोष्टीवर काम करतो तिचं नाव सुपरसॉलिड. पन्नासेक वर्षांपूर्वी भौतिकशास्त्रज्ञांनी कागदावर मांडलं होतं की पदार्थाची अशीही एक अवस्था असू शकते, जी एकाच वेळी घन असेल आणि वाहतही असेल. वाहणार म्हणजे पाण्यासारखं नाही, पाण्यालाही थोडी अडवणूक असते. हे वाहणं बिनअडवणुकीचं. आमच्या मुलांना मी असं सांगते: पंगत बसली आहे, पानं ओळीत मांडली आहेत, एकही पान जागचं हलत नाही, पण जेवणारे मात्र सगळेच सगळ्या पानांवर आहेत. डोकं गरगरलं ना? माझंही गरगरलं होतं.

तर ही अवस्था शोधायला लोकांनी जन्म घालवले. वीसेक वर्षांपूर्वी गोठवलेल्या हेलियममध्ये ती सापडली असं जाहीर झालं, आणि पुढे ज्यांनी जाहीर केलं त्यांनीच प्रयोग आणखी काटेकोरपणे केला तेव्हा कळलं की नाही, हे ते नव्हे. मग वेगळ्या वाटेने, म्हणजे अतोनात थंड केलेल्या वायूत, काही गटांना ती खरोखरच दिसली. प्रज्ञाच्या गटाने त्यातला एक दुवा पक्का केला. मी तिला मुलाखत मागितली, तर ही बया म्हणते, "देईन ताई, पण भिलाईला या. बाबांसमोर. बाबांनी हो म्हटलं तरच छापायचं."

एवढी शिकलेली पोरगी, छापायला बापाची परवानगी मागते! मी फोनवर जरा फणकारलेच. तेव्हा तिने सांगितलं. गेल्या वर्षी तिच्या गटाला पहिल्यांदा फोटोंत या अवस्थेची खूण असलेली नक्षी दिसली, तेव्हा तिने आनंदाच्या भरात घरी फोन केला. बाबांनी पुढच्याच रविवारी सेक्टर दहाच्या बुद्ध विहारात वंदनेनंतर उभं राहून जाहीर केलं आणि साऱ्या सभागृहाला खीर वाढली. तीन आठवड्यांनी तिला पुन्हा फोन करावा लागला, की बाबा, ते चुकलं. "तेव्हापासून बाबा माझ्या कामाबद्दल एक शब्द बोलत नाहीत. जेवलीस का, थंडी किती आहे, बस. आता पक्कं झालंय. पण त्यांच्या तोंडून ऐकल्याशिवाय मले," ती अडखळली आणि हिंदीत शिरली, "मुझे खुद को यकीन नहीं होता." तिच्याकडे फक्त रविवारपर्यंत वेळ होता. सोमवारी तिचं परतीचं विमान होतं.

मेश्रामांचं घर भिलाईच्या रिसाली भागात आहे. नोकरीत असताना सेक्टर दहाच्या क्वार्टरमध्ये एकोणतीस वर्षं काढली, निवृत्तीनंतर इथे स्वतःचं बांधलं. पुढे लहानशी बाग, तिच्यात पेरूचं आणि मुनग्याचं झाड. मुनगा म्हणजे आपला शेवगा. दारात देवाजी मेश्राम उभे होते, प्रज्ञाचे वडील. उंच, वाळके, डोळे किंचित बारीक करून बघणारे. आयुष्यभर वितळलेल्या पोलादाकडे पाहिलं की डोळ्यांना ती सवयच लागते म्हणे.

"जय भीम ताई, या. गाडीनं तुमाले लय दूर फिरवून आणलं म्हंते."

"गाडीचा काय दोष भाऊ, मीच शहाणी," मी म्हटलं. ते हसले. हसणारा माणूस आहे तर, मला बरं वाटलं.

प्रज्ञाच्या आईंनी, शांतावहिनींनी, पान वाढलं. मुनग्याच्या शेंगांचं वरण, लाल भाजी, तांदळाच्या पिठाचे चीले आणि नागपूरकडचा झणझणीत रस्सा. तिखटाच्या बाबतीत मी कुणाला दबत नाही, पण त्या रश्शाने माझ्या नाकातून पाणी काढलं. आमच्याकडे पाहुण्याला पहिल्या दिवशी जरा बेताने तिखट घालतात. इथे बहुतेक पहिल्याच दिवशी परीक्षा घेतात. वहिनी मात्र काळजीने ताक पुढे करत म्हणाल्या, "तुमच्या कोल्हापूरचं नाव आइकून जरा जास्तच टाकलं व ताई."

हात धुतल्यावर मी वही काढली आणि मुद्द्याला हात घातला. "भाऊ, प्रज्ञाच्या कामाविषयी..."

"ते राहू द्या ताई," देवाजी उठलेच. "थकून आल्या तुमी. आराम करा." आणि बागेत जाऊन झाडांना पाणी घालायला लागले. प्रज्ञा माझ्याकडे बघत होती. तिचा चेहरा बघवेना.

शनिवार

सकाळी देवाजी मला म्हणाले, "चला ताई, तुमाले भिलाई दाखवतो." मी स्कूटरच्या मागे बसले. या गावाचे रस्ते पाहून माझ्यासारखीला हेवाच वाटतो. एवढे रुंद, एवढे सरळ, दोन्हीकडे जुनी मोठी झाडं, आणि पाट्यांवर गल्ल्यांना नावांऐवजी नंबर. आमच्याकडे रस्ता विचारला तर लोक तालमीची नाहीतर पारावरच्या देवळाची खूण सांगतात. इथे म्हणतात, सेक्टर अमुक, सडक तमुक. देशाच्या कुठल्या कोपऱ्यातून माणसं येऊन राहिली त्याचा पत्ता नाही. एकाच ओळीत तेलुगू, मल्याळी, बिहारी, पंजाबी आणि आपले भंडाऱ्याकडचे मराठी.

एका चौकात सरळ जायच्या ऐवजी त्यांनी स्कूटर वळवली. चांगला मोठा वळसा घेतला. मी विचारलं, "इकडून जवळ पडतं का?"

"नाई. सरळ गेलं तं सेक्टर दहा लागते," एवढंच ते म्हणाले.

खुर्सीपारला त्यांचे जुने सोबती राहतात, साहूजी. दोघांनी वीस वर्षं एकाच शिफ्टमध्ये, पोलाद वितळवायच्या शॉपमध्ये काम केलं. दाट वस्ती, दुकानाला दुकान लागलेलं, आणि दारातच खाट टाकून साहूजी बसलेले. चहा आला. देवाजी कुणाला तरी भेटायला पलीकडच्या गल्लीत गेले तसे साहूजी माझ्याकडे वाकून हळूच बोलायला लागले, त्यांच्या छत्तीसगढीत.

"घर-घर गे रिहिस, मैडम. हर दुआर म हाथ जोड़के कहिस, मोर नोनी के गलती होगे, माफी देहू."

नोनी म्हणजे पोरगी, एवढं मला कळलं. बाकीचं साहूजींनी हिंदीत समजावलं. विहारात ज्यांनी ज्यांनी खीर खाल्ली होती त्या प्रत्येकाच्या दारात देवाजी गेले होते. सायकलवर, तीन दिवस. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी जाब विचारला नव्हता. लोक तर विसरूनही गेले होते. पण शॉपमधला नियमच तो, साहूजी म्हणाले. ज्याने 'माल तयार आहे' असं ओरडून सांगितलं, माल बिघडला तर त्यानेच सगळ्यांसमोर सांगायचं, दुसऱ्यावर ढकलायचं नाही. काही घरांत बिचाऱ्याला चहा मिळाला, काही घरांत पोरांनी दात काढले, एकाने विचारलं, "काय मेश्राम, पोरीचा बर्फ वितळला का?" त्या दिवसापासून देवाजी सेक्टर दहाच्या रस्त्याने जात नाहीत आणि त्या विहारातही नाहीत.

चहा थंड झाला. मुलीला वाटतं, बापाला आपली लाज वाटते. आणि बाप? त्याला कशाची लाज वाटत होती ते मला अजून कळलं नव्हतं. परत येताना मी आपली जीभ आवरून बसले, आणि जीभ आवरणं माझ्या स्वभावात नाही, हे मला ओळखणारे कुणीही सांगतील.

दुपारी मात्र आवरली नाही. जेवणं झाली, वहिनी निवडायला भाजी घेऊन बागेतल्या सावलीत बसल्या, देवाजी पेरूच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसले. मी सरळ म्हटलं, "भाऊ, मी एवढ्या लांबून, रायपूर पाहून आले. तुम्ही हो म्हणा नाहीतर नाही म्हणा, पण पोरीचं एकदा ऐकून तरी घ्या."

देवाजी बराच वेळ पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिले. मग म्हणाले, "आण बाई तुहा कॉम्प्युटर."

प्रज्ञा धावतच आत गेली.

ती समोर बसली आणि दोनदा भलतीच फाइल उघडली. मोठमोठ्या परिषदांत बोलणारी पोरगी ही! तिने पडद्यावर पहिलं चित्र आणलं, पण देवाजींनी हात वर केला.

"थांब. पयले मांगच्या सालचं सांग. चुकलं ते कोणं पकडलं?"

"कोणी नाही पकडलं, बाबा. मीच पकडलं."

"म्हंजे?"

"आम्ही हजारो फोटो घेतो. एका फोटोत नीट दिसत नाही, म्हणून एकावर एक ठेवतो. ठेवताना प्रत्येक फोटो थोडा-थोडा सरकवतो, लाइन में लाने के लिए. त्यात नक्षी दिसली. सारे खूश. मग मले एक दिवस वाटलं, ज्यात काहीच नाही असे रिकामे फोटो टाकून पाहू. टाकले." ती थांबली. "त्यातही नक्षी आली, बाबा. नक्षी आमचा प्रोग्रॅमच बनवून राहिला होता."

देवाजी खुर्चीत पुढे सरकले. "म्हंजे सँपलच्या रिकाम्या चमच्यातबी लोखंड दिसलं."

"हाव. सगळे म्हणाले, पेपर तयार आहे, पाठवून देऊ, चूक थोडीशीच तर आहे. मी म्हटलं, नाही. सगळ्यात जुनिअर मी होते. दोन महिने कोणी माझ्याशी धड बोलत नव्हतं."

"अन् तू मले हे कावून नाई सांगतलं?"

"तुम्ही विचारलंच नाही! मी फोनवर म्हटलं, बाबा, ते चुकलं. तुम्ही 'बरं' म्हटलं आणि फोन आईच्या हातात दिला." आता तिचा आवाज फुटला. "मले वाटलं, माझी शरम आली तुम्हाला."

वहिनींचे हात भाजीत थांबले. देवाजींनी डोळे आणखी बारीक केले, पण ते उन्हामुळे नव्हतं.

"तुही शरम? अवं, मले रडू येऊन राह्यलं होतं. तुले आइकू जाऊ नये म्हून मी फोन तुह्या मायजवळ देला." मग माझ्याकडे वळून सांगायला लागले, जणू मुलीकडे बघून सांगणं जमणार नव्हतं. "ताई, मी शॉपमधी सँपल घेणारा माणूस. लंबा चमचा घालून लोखंड काढायचं, लॅबले पाठवायचं. रिपोर्ट आल्याबिगर टॅप नाई, म्हंजे भट्टीतला माल ओतायचा नाई. अन् रिपोर्ट लयच चांगला आला का मले भेव वाटे. मी दुसरं सँपल घेवो. दुसऱ्याच्या हातानं घ्यायले लावो. पोट्टे हसत मले. पूर्ण जिंदगीत एक टाइम मी दुसऱ्या सँपलची वाट नाई पाह्यली. ते माह्या पोरीच्या टायमाले. मी खीर वाटली, म्हून तिच्यावर दुनिया हसली असंन, असं मले वाटे."

मला राहवलं नाही. मी पदराने डोळे पुसले आणि वर नाकही ओढलं. प्रज्ञाने बापाच्या गुडघ्यावर हात ठेवला होता. देवाजींनी तो हात थोपटला आणि एकदम कामाच्या आवाजात म्हणाले, "चाल. आता दुसरं सँपल दाखव."

मग जी तासाभराची उलटतपासणी झाली तशी मी कुठल्या विद्यापीठातही पाहिली नाही. रिकामे फोटो यावेळी टाकले का? टाकले, काही दिसलं नाही. आधी टाकले का नंतर? आधी. तिने थेंबांची ओळ दाखवली, गोठून आपापल्या जागी बसलेली. मग तेच चुंबकाने हळूच ढवळल्यावर त्यात उठलेले बारीक भोवरे दाखवले. भोवरे तसे उठले म्हणजे आतलं द्रव्य बिनअडवणुकीचं वाहतंय, ही त्याची साक्ष.

"गोठलं हाय, अन् वाहूनबी राह्यलं हाय. दोनी संगच?"

"संगच, बाबा."

"मी लोखंड पाह्यलं जिंदगीभर. एक तं वाह्यते, नाई तं थिजते." त्यांनी मान हलवली. पडद्याच्या अगदी जवळ जाऊन पाहिलं. "अन् हे दुसऱ्याच्या हातानं झालं का? तुह्या लॅबच्या बाहेर?"

"दुसऱ्या देशातल्या गटाने केलं. त्यांचं यंत्र वेगळं, अणू वेगळे. आम्ही त्यांना आमचे आकडेही दाखवले नव्हते. त्यांचंही हेच आलं. मागच्याच महिन्यात."

वहिनींनी निवडलेली भाजी बाजूला सारली. त्यांनी विचारलं, "मंग ते हाताले थंड लागते का गरम?"

"आई, हात लावला तर ते राहणारच नाही. तुझ्या हाताच्या नुसत्या गर्मीनेच संपून जाईल."

"मायबाई! एवढं नाजूक," वहिनी म्हणाल्या, आणि लेकीकडे अशा बघत राहिल्या की मी वही मिटूनच टाकली.

देवाजी उठले. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. "उद्या विहारात जाऊ. दहा सेक्टरच्या," एवढंच बोलले आणि पेरू काढायला लागले. चांगले चार पेरू मला दिले. आमच्याकडच्यासारखे भसाभस गोड नाहीत, जरा आंबूस, पण मी चारही खाल्ले.

रविवार

सकाळी सगळे पांढऱ्या कपड्यांत. देवाजींच्या सदऱ्याला वहिनींनी दोनदा इस्त्री केली. चपला घालताना मी विचारलं, "भाऊ, मग छापू का?"

"थांबा ना ताई. पयले विहारातलं निस्तरू द्या."

आज स्कूटर नाही, रिक्षा केली आणि ती चौकातून सरळ गेली. क्वार्टरांच्या ओळी लागल्या, प्रत्येकापुढे कुंपण, कुंपणावर वाळत घातलेल्या चादरी. देवाजी रस्त्याकडे बघत नव्हते, आपल्या हातांकडे बघत होते. प्रज्ञा मला हळूच म्हणाली, "ताई, विहारात कोणी विचारलं तर मले मराठीत समजावता येईल का हो हे? मी मराठी फक्त घरातच बोलते." मी म्हटलं, "मग घरच्यासारखंच बोल की."

विहार साधंच आहे. छताला पंखे, समोर बुद्धांची मूर्ती, एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका. आम्ही आत शिरलो तशी कुजबुज झाली. एक-दोघांनी देवाजींना जागा करून दिली. वंदना झाली, पंचशील झालं. एवढ्या लोकांनी एका सुरात म्हटलेली पाली मी पहिल्यांदा ऐकली, अर्थ पूर्ण कळत नव्हता तरी अंगावर काटा आला. मग सूचना सुरू झाल्या. कुणाच्या मुलाचं लग्न, पाण्याची टाकी कधी धुणार, असं सगळं. सूचना संपत आल्या आणि देवाजी उभे राहिले.

माइक त्यांच्या हातात आला. त्यांनी घसा खाकरला.

"जय भीम. मी देवाजी मेश्राम. मले सारे ओळखता. मांगच्या साली मी तुमाले दोन गोष्टी सांगतल्या. पयली इथंच, का माह्या पोरीले सापडलं. ते मी घाईघाईनं सांगतलं. ते चूक माही होती, तिची नोती. दुसरी गोष्ट मी तुमच्या घरोघरी येऊन सांगतली, का माह्या पोरीचं चुकलं." त्यांनी माइक दुसऱ्या हातात घेतला. "ते खोटं होतं. चूक साऱ्यांची होती, कोणाले दिसत नोती, अन् हिनं एकटीनं ते शोधून काढली. सारे म्हणत होते चालते, हे म्हणे नाई चालत. मले हे काल समजलं. कावून का मी तिले कधी विचारलंच नाई. तं मी घरोघरी जे बोललो ते आज वापस घेतो."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बायकांच्या बाजूला माझ्या शेजारी प्रज्ञा बसली होती, तिने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बांगडी रुतली.

पुढच्या ओळीतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी बसल्या जागेवरूनच विचारलं, "अन् आता रे देवाजी? आता तरी खरंच सापडलं का?"

"सापडलं, आक्का. काल मी सोता पाह्यलं. दुसऱ्या लॅबवाल्यांचंबी तेच आलं."

"पक्कं?"

देवाजींनी माइक खाली केला, पुन्हा वर घेतला.

"पक्कं म्हणून मी कायले सांगू? उद्या चूक निघाली तं हेच पोरगी पयले येऊन सांगन. पण यावेळी मी एकटा नाई फिरणार तुमच्या दारोदारी. तिच्यासंग येईन."

'छापू का' याचं उत्तर मला मिळालं. प्रज्ञाने माझं मनगट सोडलं, ती उठली, आणि बायकांच्या ओळीतून वाट काढत बापाच्या शेजारी जाऊन उभी राहिली.